नानांची खात्रीची रोहू

नानांच्या घरी गेलं की आधी नाक धरावं लागे. चहापाणी नंतर. ओट्यावर पाय ठेवला की नाना मनगटावरचं घड्याळ पुढे करत आणि म्हणत, "धर नाक. दम दाखाड." सरपंच असो, पोस्टमन असो की मतं मागायला आलेला उमेदवार, सुटका कुणाचीच नसे. तो उमेदवार पाव मिनिटात लालबुंद झाला तेव्हा नानांनी त्याला शांतपणे सांगितलं, "तू कटला शे. तोंड उघडं ठेईसन वरवर फिरस. खाले जावानं तुनं काम नही."

नाना मत्स्यबीज केंद्रातून निवृत्त होऊन शिरपूरजवळच्या आमच्या गावी परतले होते. माणसांनाही त्यांनी माशांसारखं थरांत लावून टाकलं होतं. कटला पाण्याच्या वरच्या थरात खातो, म्हणून झाडून सगळे पुढारी कटला. मृगळ तळाशी चरतो, म्हणून आमचे ग्रामसेवक मृगळ. मी रोहू. "दमनी कच्ची" हा शेरा मला चौथीत मिळाला. पुढे धुळ्याला कॉलेजात जाऊन मी मोर्चे काढले, पत्रकं वाटली, घोषणा देऊन घसा फोडून घेतला, तरी त्यांनी तो शेरा बदलला नाही.

घरामागे सिमेंटचे चार हौद होते. रोहू चवीची, पण पाण्यातला प्राणवायू उतरला की आधी तीच वर येऊन तोंड वासते. परदेशी सायप्रिनस चिखलातही तग धरतो. नानांनी दोघांची जोड घातली. अंडी सुटावीत म्हणून मादीला सुई टोचायची, अंडी ताटलीत उतरवायची, नराचं रेत मिसळायचं आणि कोंबडीच्या पिसानं हलकेच ढवळायचं. ते पीस धरण्यावरून आम्हा पोरांत मारामाऱ्या होत. ढवळताना बोलायचं नाही, असा नियम होता. माझ्या आयुष्यातली तेवढीच गप्प मिनिटं.

ही मिसळीची पोरं कमी हवेत टुणटुणीत जगत, पण खेचरासारखी त्यांना पुढे पिल्लं होत नसत. म्हणून दर वर्षी नवी जोड, आणि आई तीच. अक्का. सहा किलोंची थोराड रोहू. "बजारनं बियाणं बठ्ठं मिसळेल शे. खात्रीनी रोहू एकच, मनी अक्का." अक्का गेली तर नानांचं काम तिथेच संपणार, हे गावातलं शेंबडं पोरही जाणत होतं. नानी वारल्यापासून नाना तासन् तास हौदापाशी असत. आम्ही समजलो, संशोधन वाढलंय.

मग गावाच्या वरच्या अंगाला एक कारखाना आला आणि त्याचं सांडपाणी तळ्यात उतरू लागलं. तळ्यावर पोट असलेल्या भोयांची जाळी रिकामी येऊ लागली. मी पत्रक काढलं: "तळं मेलं आहे!!! जबाबदार कोण?" अर्ज केले, हेलपाटे घातले. दोन वर्षांनी तपासणीला एक साहेब आले तेव्हा सकाळीच अख्खं गाव मी काठावर उभं केलं. साहेबांनी पत्रक वाचलं, तळ्याकडे पाहिलं, आणि हातभर मासा पाण्याबाहेर उसळून पुन्हा आत पडला. मागोमाग दुसरा.

"मेलंय का तळं?" साहेबांनी विचारलं. गाव हसलं. कारखान्याचा माणूस सगळ्यांत जास्त हसला.

नाना तर अभिमानानं फुलले होते. भोयांच्या चुली विझू नयेत म्हणून त्यांनीच आपली मिसळीची पोरं गुपचूप तळ्यात सोडली होती. मला सांगितलं नव्हतं, कारण मी ओरडले असते. मी ओरडलेच.

"नाना, मासे कशाला बदलता? पाणी बदलायला लावा ना! तुमच्या माशांनी कारखान्याची बाजू घेतली!"

"मंग भोयासनी पोरं काय तुनं पत्रक खातीन का व माय?"

असं म्हणाले खरे, पण नानांचं हसू मावळलं होतं. ते साहेबांपुढे गेले आणि आपल्या नोकरीच्या काळातल्या मराठीत म्हणाले, "साहेब, हे मासे मी तयार केलेले आहेत. यांच्यावरून पाण्याची परीक्षा करू नका."

"मग साधी रोहू सोडून दाखवा. अर्धा तास थांबतो."

नाना घरी गेले. परत आले तेव्हा मागे दोन भोई ओल्या गोणपाटाची झोळी धरून चालत होते. झोळीत अक्का.

"नाना, ही नको. दुसरी आणू."

"कथाईन आनशी? अर्धा तासमा?"

काठाजवळ जाळं लावून अक्काला त्यात सोडलं. दहा मिनिटांत ती वर आली, तोंड वासू लागली, मग कुशीवर कलली. "म्हातारी आहे हो ती," कारखान्याचा माणूस म्हणाला. साहेबांनी त्याला गप्प बसवलं आणि लिहायला घेतलं. लिहिणं संपेपर्यंत नाना जाळ्याला हात न लावता उभे राहिले. मी साहेबांच्या खांद्यावरून वाकून "ठळक लिहा, ठळक" म्हणत होते. त्याची लाज मला अजून वाटते.

सांडपाणी बंद झालं. आज तळ्यात साधी रोहू जगते. नाना आता जळगावला लेकीकडे असतात, हौद कोरडे आहेत. त्या दिवसाला मी पत्रकात "जनतेचा विजय" म्हटलं. जे छापलं नाही ते हे.

साहेबांची गाडी गेल्यावर मी नानांच्या घरामागे धावले. नाना अक्काला झोळीतून परत आणून कपड्यांनिशी हौदात उतरले होते, कमरेइतक्या स्वच्छ पाण्यात. कल्ल्यांतून पाणी खेळावं म्हणून दोन्ही हातांनी अक्काला पुढेमागे हलवत होते आणि बोलत होते. पूर्वी ओट्यावर बसून नानींशी बोलत, अगदी तसं. काल गॅसनी टाकी उनी. पापड यंदा करात नहीत, इकतना लई उनू. धाकला फोन करस, पन दोनच मिनिट.

कल्ले थांबल्याचं त्यांना माझ्याआधी कळलं असणार. आयुष्यभर त्यांनी तेच पाहिलं होतं. पण जळगावच्या नातीला पहिला दात आला होता, ते सांगायचं राहिलं होतं. ते त्यांनी सगळं सांगितलं.