भिंतीतली कीड

"एवढ्याशा भोकासाठी कोण पैसे कापणार?" दंतवैद्य म्हणाला.

"आपले घरमालक कापणार," बायको म्हणाली. "मागच्या भाडेकरूचं अर्धं डिपॉझिट एका खिळ्यापायी गेलं. आणि आज पूर्ण हातात पडलं नाही, तर नव्या घराची किल्ली मिळणार नाही. मग संसार टेम्पोत आणि आपण रस्त्यावर."

खोलीचं वर्णन राहू दे. खोलीत आता काहीच नाही. टेम्पो खाली उभा. घरमालक शेजारच्याच बिऱ्हाडात, चहा झाला की तपासणीला येणार. मधे एक सामाईक भिंत. भिंतीत खिळा उपटल्यावर उरलेलं भोक. बायकोच्या हातात पुट्टीची वाटी.

"बोटाने भरा आणि चला."

दुसऱ्या कुणीही भोक बोटाने भरलं असतं आणि हात धुतले असते. दंतवैद्याने स्क्रूड्रायव्हर आत घालून हलकेच खरवडलं. भुगा पडला.

"आत कीड आहे."

"भिंतीला?"

"पोकळ लागतंय गं. किडकं न काढता वरून भरलं, तर महिन्याभरात फिलिंग निघतं."

"महिन्याभरात आपण इथे नसू."

"पेशंटही असंच म्हणतात."

हॉर्न.

भोक लिंबाएवढं झालं. कडेने टकटक केलं, पोकळ. बशीएवढं झालं. वरच्या बाजूला टकटक, तिथेही पोकळ. घट्ट भाग लागेपर्यंत थांबायचं नाही, हे त्याच्या हातात मुरलेलं. आणि या भिंतीत घट्ट असं काही बांधणाऱ्याने ठेवलेलंच नव्हतं.

"अहो, वाटीभर पुट्टी आहे. परातभर नाही."

"ही एक वीट हलतेय. हलणारं ठेवू नये."

हॉर्न. लांबलचक.

वीट अलीकडे यायची ती पलीकडे गेली. पलीकडे काहीतरी फुटलं. भोकात घरमालकांचा चेहरा आला, हातात कपाचा नुसता कान.

"दोनच मिनिटं," दंतवैद्य सवयीने म्हणाला. "दुखणार नाही."

"डिपॉझिट विसरा," घरमालक म्हणाले. "वर भिंतीचे पैसे तुम्हीच द्याल."

बायको होती तिथेच खाली बसली. खालून टेम्पोवाला ओरडला, "निघायचं का उतरवायचं, एक काय ते सांगा."

तेवढ्यात भोकातून घरमालकांचा चेहरा बाजूला सरकवला गेला आणि तिथे त्यांच्या बायकोचा, काकूंचा आला. काकूंनी भोकाकडे पाहिलंच नाही. त्या वर बघत होत्या.

"छत पडलं नाही," त्या म्हणाल्या.

"कसलं छत?" घरमालकांचा आवाज.

"माझ्या आईला शेजारी आणू, मधे दार काढू, म्हटलं की काय म्हणायचात? भिंतीला हात लावला तर छत खाली येईल. मी इतकी वर्षं या भिंतीला पाठ टेकली नाही हो."

"अगं, ते… छत सावकाश येतं."

"येऊ दे सावकाश. तोवर आई येते." मग आवाज मऊ करून, "डॉक्टर, ही कीड खालपर्यंत असेल ना?"

दंतवैद्याने बायकोकडे पाहिलं. बायको उठून उभी राहिली.

"पार मुळापर्यंत आहे, काकू. डिपॉझिट मात्र…"

"पूर्ण देते. कपाटाची किल्ली माझ्या कमरेला आहे. आधी आई न वाकता येईल एवढं होऊ दे."

"त्या उंच आहेत का?" दंतवैद्याने विचारलं.

"फार," घरमालक पलीकडून म्हणाले.

टेम्पोवाला पहार घेऊन वर आला, त्यामुळे काम लवकर उरकलं. काकू नव्या दारातून स्वतः आल्या, पैसे बायकोच्या हातात दिले. घरमालक पलीकडे खुर्चीवर बसून छताकडे बघत होते. मोठ्या आशेने.

टेम्पोत फोन वाजला. बायकोने ऐकलं, मग फोनवर हात ठेवला.

"नवे घरमालक. करारात व्यवसाय काय लिहायचा, विचारतायत."

"दंतवैद्य लिहा म्हणावं. मान असतो."

"कारकून," बायको फोनमध्ये म्हणाली. मग फोन ठेवून त्याच्याकडे न बघता, "कारकून कामं अर्धवट तरी सोडतो."