तीन नारिंगी जॅकेटं

महेंद्रच्या रजेचं गावात कुणालाही सांगायचं नाही, असा श्वेताचा सक्त हुकूम होता. याआधी दोनदा मनालीचा बेत गावभर सांगून झाला होता आणि दोन्ही वेळा ऐनवेळी साहेबांनी रजा रद्द केली होती. महेंद्र धरणाच्या दरवाजांवर कामाला. दरवाजे कुठे पळून जात नाहीत, पण महेंद्रने माळ्यावरून बॅग काढली की साहेबांना त्यांची काळजी वाटू लागते. बायका अजून श्वेताला विचारत, "काय गो, झाली का मनाली?" हे तिसऱ्यांदा ऐकायची तिची तयारी नव्हती.

"या वेळी रजा गेली तर मी आईंना घेऊन जाईन," ती म्हणाली. "तुमी बसा दरवाजे सांभाळत."

आई म्हणजे महेंद्रची आई, चिमाबाई. मनालीला रबरी बोटीत बसवून उसळत्या नदीत सोडतात, हे सुनेच्या मोबाइलवर बघितल्यापासून म्हातारी हट्टाला पेटली होती. "जलमभर नदी डोक्यावरून वायली मी," ती म्हणे. "आता एकदा नदीनं मला वाहू दे." फक्त तिथलं दुसऱ्याने काढून ठेवलेलं ओलं जॅकेट अंगात घालायला ती काही केल्या तयार होईना. म्हणून महेंद्रने तीन तरंगती जॅकेटं ऑनलाइन मागवली. इथेच त्याने माती खाल्ली.

कुरिअरवाला धरणाखालच्या या गावापर्यंत येत नाही. पार्सलं किन्हवलीला महादूच्या दुकानात टाकून जातो. महादू याच गावचा. पार्सल एका कोपऱ्यात फाटलं होतं आणि आतून नारिंगी रंग डोकावत होता.

"ह्ये पुरातल्या माणसांना घालतात ना रे?" महादूने विचारलं.

"असंच. घरच्यांसाठी," महेंद्र म्हणाला.

"आन तू कामावर?"

"मी उद्यापासून रजेवर. पण कुणाला सांगू नको हां, महादू."

आता यात महेंद्रचं काय चुकलं, सांगा. तो एक शब्द खोटं बोलला नव्हता. पण धरणावरचा माणूस घरच्यांना तरंगती जॅकेटं घेतो, स्वतः रजा टाकतो आणि वर कुणाला सांगू नको म्हणतो, हे ऐकून महादूने दुकानाचं शटर ओढलं आणि मोटारसायकल थेट गावाकडे काढली.

महेंद्र घरी पोचेपर्यंत धोंडीबाईच्या बकऱ्या वरच्या माळावर चढल्या होत्या. सरपंच देवरामने भाताच्या कणग्या ट्रॅक्टरवर चढवल्या होत्या. तो महेंद्रच्या ओटीवर येऊन बसला.

"पानी कदी सोडताय, तेवढं सांग," देवराम म्हणाला. "बाकी आमी बगून घेऊ."

"अरे, भर उन्हाळा आहे. धरणात पाणी तळाला गेलंय. आम्ही मनालीला चाललोय, बोटीत बसायला."

"चिमाबाय बोटीत बसनार? ती एसटीत बसली तरी ओकते." देवरामचा आवाज दुखावला होता. "आमी काय परके हाव का रे? आमालापन जॅकेटं सांगायची होतीस."

संध्याकाळी साहेबांचा फोन आला. रस्त्यावर ट्रॅक्टरांची रांग लागली होती आणि शहापूरहून वरच्या साहेबांनी त्यांना झापलं होतं. "तुझी रजा रद्द," साहेब म्हणाले. "तू पसरवलंस, तूच निस्तर. उद्यापासून नदीच्या पात्रात खुर्ची टाकून बस. धरणाचा माणूस नदीत बसलेला दिसला की लोक येतील खाली."

महेंद्र फोन धरून तसाच उभा राहिला. त्याला रडावंसं वाटत होतं, पण अंगणात अर्धं गाव उभं होतं आणि तो रडला असता तर उरलेलं अर्धं गावही डोंगर चढलं असतं. पहाटे दोन जॅकेटं बॅगेत भरून श्वेता सासूला घेऊन निघाली. तिसरं खुंटीला लटकत राहिलं.

मग महेंद्र नदीत बसला. घोट्याएवढं पाणी, बुडाखाली लग्नाच्या मंडपातली प्लास्टिकची खुर्ची, डोक्यावर ओला टॉवेल. लोक काठावरून त्याला बघून जात. कुणी जेवायला बोलवत नव्हतं, कारण तो उठला तर पुन्हा घोटाळा व्हायचा. इतकं लाजिरवाणं त्याला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. पण साहेबांचं बरोबर निघालं. चार दिवसांत हळूहळू ट्रॅक्टर परतले, कणग्या जागेवर आल्या. सगळ्यात शेवटी धोंडीबाई बकऱ्या घेऊन खाली उतरली आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"चिमाबाय दिसत नाय ती?"

"मनालीला गेली, मावशे. श्वेताबरोबर."

"कुठं आली ती मनाली?"

"हिमालयात. लय उंचावर."

धोंडीबाईने वर डोंगराकडे बघितलं, मग बकऱ्यांकडे. तिच्या मनात काय चाललंय ते महेंद्रला कळलं. तेवढ्यात श्वेताने पाठवलेला फोटो फोनवर आला. देवच पावला म्हणायचं. त्याने घाईघाईने फोन धोंडीबाईच्या पुढे धरला. "हे बघ. मौज करायला गेल्यात. मी सांगत होतो ना?"

धोंडीबाईने फोन डोळ्यांजवळ नेला. चहूकडे फेसाळलेलं पाणी, त्यात चिमाबाई. अंगात नारिंगी जॅकेट, पदर कुठल्या कुठे, दोन्ही हात वर आणि तोंड आ वासलेलं.

"अगो बाय," धोंडीबाई हळूच म्हणाली. "एवढी हिमालयावर पलाली, तरी पान्यानं गाठलीच तिला."

तिने फोन परत दिला आणि बकऱ्या पुन्हा माळाकडे वळवल्या. थोड्या वेळाने गावातून देवरामचा ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला. महेंद्र खुर्चीत बसूनच होता. हातातला फोन वाजायला लागला. साहेबांचा होता.