हत्तीचं पोट भरल्यावर

"बाबा, कर्ज फिटल्यावर उरणाऱ्या पैशांचं तुम्ही काय करणार?"

तोफेनं प्रश्न टाकला आणि जेवणाच्या टेबलावर अशी शांतता पसरली, जणू कुणी पाहुण्यांसमोर फाटके मोजे काढून दाखवले! बाबांचा घास घशातच अडला. आईनं घाईघाईनं पाण्याचा ग्लास पुढे केला, तोही बाबांऐवजी काकापुढे. आणि काका? घराला आग लागली तरी ताट घेऊन बाहेर पळेल असा माणूस, पण आज चमचा हातात धरून छताकडे बघत बसला.

खरं तर प्रश्न तोफेचा नव्हताच. शाळेत मैत्रिणींनी पैज लावली होती. "तू? आणि घरी विचारणार? हॅ!" असं चष्मिश म्हणाली, आणि उंटीण तर हसताहसता बाकावरून पडायची राहिली. त्यांचंही चूक नव्हतं. गेल्या वर्षापर्यंत आपली ही तोफ म्हणजे नुसती ओली वात! दुकानात गिऱ्हाईक आलं की टांगलेल्या कोटांच्या मागे जाऊन उभी राहायची. पण शाळेच्या वादविवाद स्पर्धेत ती पहिली आली काय, बाबांनी तिचं नाव तोफ ठेवलं काय, तेव्हापासून तिच्या तोंडाला झाकण म्हणून राहिलं नव्हतं.

आता या साध्या प्रश्नानं सगळ्यांची दातखीळ का बसावी? तर, या घराची एक लॉन्ड्री होती आणि लॉन्ड्रीत एक हत्ती होता. हत्ती म्हणजे कपडे धुण्याचं अवाढव्य मशीन, कर्ज काढून आणलेलं. त्याचा दर महिन्याचा हप्ता म्हणजे हत्तीचा चारा. घरात कुणी काहीही मागो, नवे बूट, नवा पडदा, नाहीतर उशीला नवा अभ्रा, उत्तर ठरलेलं: "आधी हत्तीचं पोट भरू दे, मग बघू!" तोफ हे वाक्य ऐकतच लहानाची मोठी झाली होती. आणि येत्या शुक्रवारी हत्ती शेवटचा घास खाणार होता!

बाबांनी घसा खाकरला. "तूच ठरव की. एवढी भाषणं ठोकून बक्षिसं आणतेस. रविवारी सांग आम्हाला, कशाला किती."

"मी?"

"का, घाबरलीस?"

"मी? आणि घाबरणार? बघाच तुम्ही!"

तोफेची छाती इस्त्री केलेल्या शर्टासारखी ताठ झाली. तिच्या मनात एक गोष्ट तर आधीच पक्की होती: शाळेचं डोंगरावरचं शिबिर. पैसे सोमवारी भरायचे होते. दरवर्षी चष्मिश आणि उंटीण जायच्या आणि परत आल्यावर वर्षभर तेच तेच किस्से सांगून हिचं डोकं खायच्या. यंदा किस्से तिचेही असणार होते. "मी येतेय," तिनं दुसऱ्याच दिवशी जाहीर करून टाकलं. "आमच्या घरचा खजिना सध्या माझ्याकडे आहे!"

खजिना कसला, दुकानाचा गल्ला. गुरुवारी सकाळी शाळेआधी ती नेहमीसारखी गल्ल्यावर बसून तयार कपड्यांच्या चिठ्ठ्यांवर शिक्के मारत होती. शिक्क्यावर वर लॉन्ड्रीचं नाव आणि खाली ठसठशीत अक्षरात 'तयार'. शिक्का बसलेली चिठ्ठी दाराजवळच्या टोपलीत गेली, की काका स्कूटरवरून सामान पोचवून यायचा. काकाचा धंद्याचा एकच नियम होता: शिक्का बघायचा, डोकं लावायचं नाही.

तेवढ्यात बाबा आले. इकडेतिकडे बघत त्यांनी खिशातून कोपऱ्यावरच्या घरसामानवाल्याचं पत्रक काढलं. भांडी घासायच्या मशीनवर खूण केलेली होती.

"आईला सांगू नकोस हं," ते कुजबुजले. "दिवसभर लोकांचे कपडे, रात्री आपली भांडी. तिची बोटं बघितलीस? मनुका झाल्यात मनुका! तुझ्या यादीत हे बसतंय का, बघ."

तोफेला गलबलून आलं. पण खजिनदारानं रडून कसं चालेल? तिनं ऐटीत शिक्का उचलला. ठप्प! "तयार. म्हणजे मंजूर!"

बाबा गेले आणि आई आली. तिच्याही हातात तसंच पत्रक, खूण मात्र लांब पाय करून बसायच्या खुर्चीवर. "ह्यांना कळू देऊ नकोस बरं. दिवसभर उभं राहून इस्त्री करतात, रात्री पाठ धरून कण्हतात. वर मला म्हणतात, गाणं गुणगुणत होतो!"

ठप्प!

मग काका. त्याची खूण भिंतीएवढ्या टीव्हीवर. "वहिनीला बातम्यांतली अक्षरं दिसत नाहीत गं," तो फार काकुळतीला येऊन म्हणाला.

"काका, आई बातम्या बघतच नाही."

"दिसतच नाहीत, तर बघणार कशी?"

ठप्प!

पैसे तेवढेच आणि मंजुऱ्या तीन, हे तोफेच्या लक्षात आलं होतं. पण रविवारी शांतपणे बसून दोघांना नाही म्हणू, असा तिचा बेत होता. इतक्यात शाळेची वेळ झाली. तिन्ही पत्रकं गल्ल्यावर सोडून ती पळाली. मागून आईनं गल्ला पुसायला घेतला. ओल्या फडक्यानं पुसता पुसता शिक्क्याचे सगळे कागद तिनं न बघता उचलले आणि टोपलीत टाकले.

शुक्रवारी बाबा शेवटचा चारा भरून आले. उरलेले पैसे डब्यात घालून त्यांनी डबा तोफेच्या हवाली केला, आणि तिनं तो शिबिरासाठी फळीवर ठेवला. मग त्यांनी कोरड्या फडक्यानं हत्तीला सावकाश पुसलं, पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "आता तू आमचा." सगळेच उगाच हसत होते.

शनिवारी दुपारी दारात टेम्पो थांबला. घरसामानवाला स्वतः खाली उतरला.

"खुर्ची कुठे ठेवू?"

आई लाजून लाल झाली. "अगं बाई, इतक्यात आली? अहो, तुमच्यासाठी..."

"आणि हे भांड्यांचं मशीन?"

"अरेच्चा!" बाबा म्हणाले. "अगं, ते तुझ्यासाठी..."

दोघं एकमेकांकडे असे बघत राहिले, जणू आजच ओळख झाली! मग दारातून एक खोका आडवा शिरेना, म्हणून उभा शिरला.

"आणि हा कुणासाठी?" दोघांनी एकदम विचारलं.

"बातम्यांसाठी," काका पुटपुटला.

"पण मागवलं कुणी हे सगळं?" बाबांनी विचारलं.

"तुम्हीच की! पत्रकांवर दुकानाचा शिक्का आहे, 'तयार' असं लिहिलंय. हे स्वतः आणून देऊन गेले." घरसामानवाल्यानं काकाकडे बोट केलं.

"मी माझं ओळखलं," काका म्हणाला. "म्हटलं, मंजूर झालं! बाकीची वाचली नाहीत. नियम आहे माझा."

"तिन्ही हप्त्यानंच आहेत, काळजी नको," घरसामानवाला प्रेमानं म्हणाला. "पहिले हप्ते फक्त आज द्या. पुढचे दर महिन्याला."

बाबांनी मनातल्या मनात बेरीज केली आणि त्यांचा चेहरा पिळलेल्या टॉवेलसारखा झाला. "हे तिन्ही मिळून तर हत्तीपेक्षा जास्त खाणार!"

सगळ्यांच्या नजरा तोफेकडे वळल्या. पण तोफ होती कुठे? टांगलेल्या कोटांच्या खाली शाळेचे दोन बूट दिसत होते.

"खोके फोडले नसतील तर परत नेतो," घरसामानवाला म्हणाला. "खुर्चीचं प्लॅस्टिक मात्र माझ्या पोरांनी काढून टाकलं. पण कुणी बसलं नसेल, तर तीही नेईन."

कोटांमागून तोफेनं सुटकेचा नि:श्वास टाकला. सगळं परत जाणार, शिबिर वाचणार! आणि तेवढ्यात तिला आवाज ऐकू आला. घर्रर्र... टेम्पो सुरू झाला की काय? तिनं दोन कोटांमधून डोकं बाहेर काढलं.

बेरीज करून थकलेले बाबा, "जरा टेकतो," म्हणत खुर्चीवर बसले होते. खुर्चीनं अलगद त्यांचे पाय वर उचलले होते. आणि बाबा, जे रात्री या कुशीवरून त्या कुशीवर होत गाणं गुणगुणायचे, ते भरदुपारी तोंड उघडं टाकून घोरत होते. आई हात पुसत शेजारी उभी होती. ती त्यांच्याकडे नुसती बघत होती.

तोफ बाहेर आली. शिबिरासाठी राखलेल्या पैशांचा तो डबा तिनं फळीवरून काढला, छातीशी धरला, थोडा वेळ धरूनच ठेवला. मग घसा साफ केला. वादविवादात करायची तसाच.

"आई! बाबा! माझा निर्णय झालाय!"

बाबा दचकून जागे झाले, तशी खुर्चीनं त्यांना सरळ उभंच केलं!

"टीव्ही परत जाईल. काका, तोंड पाडू नकोस. भांड्यांचं मशीनही परत. आजपासून भांडी मी घासणार, आईनं सिंककडे फिरकायचंसुद्धा नाही. खुर्ची मात्र राहील. हा घ्या तिचा पहिला हप्ता."

"आणि तुझं शिबिर गं?" आईनं हळूच विचारलं.

तोफेनं तोंड उघडलं, आणि जे वाक्य जन्मात उच्चारायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, ते आपसूकच बाहेर पडलं:

"आधी खुर्चीचं पोट भरू दे, मग बघू!"