तात्या ट्रॅक्टर बघतात

"बाबा, महिनाअखेरपर्यंत ट्रॅक्टर दारात दिसला पाहिजे. नाहीतर मी घर विकायला काढते आणि तुम्हाला इकडे घेऊन येते," लेक फोनवर म्हणाली, आणि आयुष्यात कधी नव्हे ते तात्या एका दमात "बरं" म्हणाले.

लेकीचं काही चुकत नव्हतं. घराभोवतीच्या दोन एकरांत गवत कमरेपर्यंत वाढलं होतं, आणि परवा त्यातून निघालेला एक साप मागच्या पायरीवर बराच वेळ ऊन खात पडला होता. फोनवर बोलायला दुसरं काही नव्हतं म्हणून तात्यांनी तो साप सांगून टाकला, आणि तोच त्यांना भोवला. एरवी फोनवर बोलायचं खातं काकूंचं, म्हणजे तात्यांच्या बायकोचं. गवताचं खातंही त्यांचंच. फाटकाशी उभ्या राहून त्या येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारत, त्याच्याशी तासभर बोलत, आणि बोलता बोलता त्याच्याकडून गवत कापून घेत. आतून तात्या ओरडत, "पुरे झालं आता, फाटक लाव."

काकू जाऊन वर्ष झालं होतं. फाटक लावलेलंच होतं. माणसं आपल्या घरी येतात, असं तात्या जन्मभर समजून होते. ती काकूंकडे येत होती, हे त्यांना या एका वर्षात कळलं, आणि कळलं तेव्हा फार लागलं. तरीही हे घर त्यांना सोडायचं नव्हतं. इथे निदान काकूंची गैरहजेरी तरी होती. लेकीच्या फ्लॅटमध्ये तीही मिळाली नसती.

तेव्हा तात्यांनी शोरूमला फोन लावला. दुसऱ्या दिवशी टेम्पोतून गवत कापायचा एक छोटा तांबडा ट्रॅक्टर उतरला आणि त्याच्यामागून एक गोल गरगरीत माणूस. त्याने तात्यांच्या गुडघ्यांची चौकशी केली, पाठीची केली, आणि मग विचारलं, "काका, झोप लागते का नीट?"

"झोपेचा आणि ट्रॅक्टरचा काय संबंध?"

"सीटचा आहे ना. पाठ दुखत असली की झोप उडते. मग मी वेगळी सीट सुचवतो."

झोप लागते का, हे तात्यांना वर्षभरात कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी खरं ते सांगितलं. मग तांबडेवाल्याने आपल्या झोपेचं सांगितलं. दोन वेळा चहा झाला, मधल्या वेळात गवताचा एक पट्टा कापून झाला, आणि टोपी उचलत तो म्हणाला, "मग काका, पक्कं समजू?"

'पक्कं' हा शब्द तात्यांच्या अगदी ओठांवर आला होता. पण एकदा पक्कं झालं की हा माणूस पुन्हा कशाला येईल, हे टोपीकडे बघता बघता त्यांच्या लक्षात आलं. "जरा दुसरेही बघतो म्हणतो," ते म्हणाले.

"बघा की. आणि मग मला परत बोलवा. चढावर कसा चालतो ते दाखवायचं राहिलंच."

तात्यांनी दुसरे बघितले. निळ्या ट्रॅक्टरबरोबर एक काटकुळा गृहस्थ आला. तो सासूबद्दल बोलायला लागला की ट्रॅक्टर बंद करायचा विसरत असे. हिरव्या ट्रॅक्टरबरोबर एक बाई आल्या. त्या कमी बोलत, पण पहिल्याच दिवशी त्यांनी स्वयंपाकघरातला गळका नळ आवळून दिला आणि वायसर बदलायला पुन्हा येईन म्हणाल्या. ज्या तात्यांचे शर्टसुद्धा काकूच पसंत करत, ते आता वळायला जागा किती लागते, पातं किती उंचीवर बसतं, गिअर गुडघ्याला लागतो का, असं खोदून खोदून विचारू लागले. तांबड्याचं स्टिअरिंग त्यांना जड वाटे. निळ्याची सीट उंच वाटे. हिरव्यात खोट सापडेना, तेव्हा रंग गवतात दिसून येत नाही म्हणाले. महिनाअखेर आली आणि गेली. "नीट बघून घेतोय," असं ते लेकीला सांगत, आणि बाबांनी कशात तरी मन घातलं म्हणून तीही मुदत वाढवत राहिली. ताकाला जाऊन भांडं लपवावं तर ते तात्यांनी.

अडचण एकच होती. दर वेळी गवताचा एक तुकडा कापला जाई, आणि कापलेल्या गवतावर गवत कापून दाखवायला कुणी येत नाही. उरलेलं गवत बघून तात्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मग त्यांनी बाजारातून लांबलचक पाइप आणला आणि गवताला रोज पाणी द्यायला सुरुवात केली. आठवड्याने खतही घातलं. गवत कापायचं यंत्र घ्यायला निघालेला माणूस गवताची अशी बडदास्त ठेवताना त्या गवतानेही पहिल्यांदाच पाहिला असेल. बिचारं जोमाने वाढलं.

शेवटी लेक म्हणाली, "रविवारी मी येते. जो ठरवलाय तो मला दाखवा." तात्यांनी घाबरून तांबडेवाल्याला रविवारचं बोलावणं केलं. निळेवाल्याला तोच रविवार आधी दिलेला होता, हे ते साफ विसरले. आणि हिरव्या बाई वायसर घेऊन आपणहून आल्या, त्या ट्रॅक्टरसकटच.

फाटकाशी तीन टेम्पो लागले. कमरेएवढं गवत आता फक्त फाटकाच्या आतल्या अंगाला उरलं होतं. तात्या चहाचं आधण ठेवायला आत गेले तेवढ्यात, आधी कुणी दाखवायचं यावरून बाहेर जुंपली, आणि तिन्ही ट्रॅक्टर एकदमच गवतात शिरले. त्या गवतात तात्यांचा पाइप होता. निळ्याच्या पात्याने तो गुंडाळत गुंडाळत असा ओढला की भिंतीतला नळ मुळासकट निघून आला. पाण्याचा फवारा उडाला, चिखल झाला. निळा त्या चिखलात रुतला, आणि त्याला वाट द्यायला गेलेला तांबडाही. हिरव्या बाईंनी दोर बांधून आधी एकाला ओढलं, मग दुसऱ्याला, आणि दुसऱ्याला ओढताना मागच्या चाकाने फाटकाचा खांब आडवा झाला. तो पडला तेव्हा पलीकडे लेक उभी होती.

ती काही ओरडली नाही. चिखलातून चालत आली आणि पात्याला गुंडाळलेल्या पाइपाकडे बघत राहिली.

"बाबा, गवतात पाइप कशाला?"

"पाणी घालायला."

"कशाला पाणी?"

"गवताला," तात्या म्हणाले, आणि दुसरीकडे बघायला लागले.

लेकीने तिघांकडे नजर वळवली. "हे किती दिवस चाललंय?"

तांबडेवाला पुढे आला. त्याच्या भुवईवरून चिखल ओघळत होता. "ताई, त्यांना बोलू नका. मी साहेबांना दर आठवड्याला सांगतोय, काका पक्के होत आलेत. या भागात छोटा ट्रॅक्टर घेतंय कोण? त्यांनी दुसऱ्याचा घेतला तर माझं कठीण आहे."

"माझंही," काटकुळा म्हणाला.

"आणि माझा घेतला, तरी मला बाहेर पडायला निमित्त राहत नाही," हिरव्या बाई म्हणाल्या. "दिवसभर त्या शोरूममध्ये बसून राहायचं."

"मग बाबांनी घ्यायचा तरी कुणाचा?"

"घाई काय आहे?" तिघंही एकदम म्हणाले.

लेक आत गेली. मागोमाग तात्या गेले. ओट्यावर चार कप मांडलेले होते आणि आधण आटून गेलं होतं. काकूंच्या हयातीत होते तसे, कान एका बाजूला करून लावलेले कप. लेकीने त्यातला एक उगाचच उचलला.

"एकटं वाटतं तर सांगायचं होतंत."

"सांगितलं असतं तर तू घर विकलं असतंस."

ती नाही म्हणाली नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि तात्यांना काय करायचं ते सुचेना. अशा वेळी पोरीला जवळ घ्यायचं खातंही काकूंचंच होतं. त्यांनी आधणात पुन्हा पाणी घातलं.

संध्याकाळी बाहेर येऊन लेक म्हणाली, "जो बाकीच्या दोघांना ओढून काढतो, तो घ्यायचा." हिरव्या ट्रॅक्टरचे पैसे तिने भरले. तांबडेवाल्याने तात्यांचा हात दोन्ही हातांत धरला. "झोपेचं बघा काका," एवढंच म्हणाला. निळेवाला टेम्पोत बसल्यावरही सासूचं राहिलेलं सांगत होता. तात्या पडलेल्या खांबापाशी उभे राहून दोन्ही टेम्पो वळणाआड जाईपर्यंत बघत राहिले.

बाईंनी नवा कोरा ट्रॅक्टर आणून दिला आणि किल्ली तात्यांच्या हातावर ठेवली.

"आता तुम्ही कधी येणार?" तात्यांनी विचारलं.

"आता मी कशाला, काका? माझं काम संपलं. आता मेकॅनिक येईल. पहिली सर्व्हिसिंग फुकट असते. मीटरवर पन्नास तास झाले की फोन करायचा."

"पन्नास तास व्हायला किती दिवस लागतात?"

बाईंनी जमिनीवरून नजर फिरवली. "एवढ्याशा जागेला? आरामात वर्ष जाईल."

तात्यांनी दोन एकर एका सकाळीत कापले. सुरेख काम झालं. साप काय, मुंगीसुद्धा दुरून दिसली असती. दुसऱ्या दिवशी चहा पिऊन ते पुन्हा सीटवर बसले. तिसऱ्या दिवशीही बसले. पुढच्या रविवारी लेकीचा फोन आला तेव्हा मागे इंजिनाची घरघर चालू होती.

"अजून कापताय, बाबा? किती राहिलंय?"

तात्यांनी वाकून मीटर पाहिलं. "अठरा तास."

"अहो, गवत विचारतेय मी."

"गवत केव्हाच संपलं."

फोन चालू आहे का, म्हणून तात्यांनी तो कानापासून दूर धरून एकदा बघितला. चालू होता.

"तू शोरूमला फोन करून एवढं विचारून ठेव," ते म्हणाले, "मेकॅनिकला चहा चालतो का," आणि त्यांनी ट्रॅक्टर वळवला.