पळणारं घड्याळ

मनगट ठणकतं म्हणून साळूबाईंनी नवऱ्याच्या हाताला सकाळीच चुंबकाचा पट्टा बांधला. लालासाहेब पलटणीतून निवृत्त झालेले हवालदार. पुतणीच्या लग्नाची घाई असल्यानं त्यांनी रेडिओवर सात वाजता घड्याळ लावलं आणि पट्ट्याला खेटूनच चढवलं.

मुहूर्त बारा पस्तीसचा. मांडवात लालासाहेब गरजले, "झालं बारा पस्तीस! भटजी, चला!"

नवरदेवाचे वडील आप्पासो आपल्या घड्याळाकडं बघत म्हणाले, "आवं पावणं, आत्ताशी बारा पाच झाल्यात."

"तुमचं मागं हाय. हे घड्याळ वीस वर्षं पलटणीत चाललंय!"

त्या आवाजापुढं भटजींनी मंगलाष्टकं सुरू केली. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, पंगत बसली. तेवढ्यात चहाच्या टपरीवरच्या रेडिओनं साडेबाराची वेळ सांगितली.

आप्पासोंनी हातातलं ताट खाली ठेवलं. "मुहूर्त चुकवला! आता पोरांच्या संसाराचं काय?"

लालासाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. पाहुण्यांत शिराळ्याचा घड्याळदुरुस्ती करणारा नागसेन होता. त्यानं त्यांना बाजूला घेऊन मनगटाशी टाचणी नेली. ती टपकन पट्ट्याला चिकटली.

"दादा, ह्या चुंबकानं घात केला. लोखंडात बारीक बारीक चुंबकंच असत्यात, पण त्यांची तोंडं दाही दिशांना. मोठं चुंबक जवळ आलं की सगळी एकीकडं तोंड करून हुबी ऱ्हात्यात."

"म्हंजी सावधान!"

"व्हय. घड्याळातल्या केसावाणी कमानीचं तसंच झालं. तिचं वेढं एकमेकांस्नी चिकटलं, कमान आखूड झाली, घड्याळ पळाय लागलं. दुकानात तारेच्या वेटोळ्यात वीज सोडून त्यातनं घड्याळ फिरवलं, की पुन्हा तोंडं इस्कटत्यात."

"म्हंजी विश्राम," लालासाहेब पडेल आवाजात म्हणाले.

इकडं भटजी दुसरा मुहूर्त शोधायला पंचांग चाळत होते. एका पानावर ते थांबले, चष्मा पुसला, परत वाचलं आणि लालासाहेबांच्या कानाशी आले.

"हवालदार, मुहूर्त बारा पाचचाच होता हो. पत्रिकेसाठी वेळ लिहून देताना मीच खालची ओळ उतरवली. कुणाला सांगू नका."

लालासाहेबांनी त्यांच्याकडं एकवार पाहिलं. मग ताठ उभे राहिले.

"ऐका समदी! खरा मुहूर्त बारा पाचचाच. भटजींनी पंचांगात बघितलाय. पत्रिकेत चूक हुती, म्हणून आमी घाई केली!"

आप्पासोंनी त्यांना कडकडून मिठी मारली. "फौजी माणूस! लय टायमाचा!"

नागसेननं तोंड उघडलं, पण साळूबाईंनी त्याच्या पानात जिलबी वाढली. त्यानं ती मुकाट्यानं खाल्ली आणि आणखी एक मागितली.