बोटांना सगळं माहीत असतं

लॅपटॉपच्या बटणांवरची अक्षरं पुसली जाणं ही माझ्या मते लाजेची नव्हे, अभिमानाची गोष्ट आहे. आमच्या लॅपटॉपवर ‘ए’ नव्हता, ‘ई’ नव्हता, ‘एस’चा तर मागमूसही नव्हता. आणि तरीही सोसायटीची प्रत्येक नोटीस, वर्तमानपत्राला धाडलेलं प्रत्येक वाचकाचं पत्र आणि पाण्याविषयी केलेली प्रत्येक तक्रार मी त्याच्यावरच टाइप केली. एका ठिकाणी चूक सापडणार नाही. उत्तरही कुठून आलेलं नाही, पण तो काही टायपिंगचा दोष नव्हे.

मी शिकलो नारायण पेठेत, वैजनाथसरांच्या क्लासमध्ये. सरांनी सगळ्या टाइपरायटरच्या बटणांवर काळा रंग फासून ठेवला होता. अमुक अक्षर कुठं आहे असं कोणी विचारलं, की सर म्हणायचे, तुम्हाला कळायची गरज नाही, बोटांना कळू द्या. खाली बघितलं की मनगटावर पट्टी बसायची. त्या पट्टीच्या जोरावर मी सरकारी कचेरीत टंकलेखक म्हणून लागलो आणि मान वर ठेवून निवृत्त झालो. जगात माणसं दोनच प्रकारची असतात, न बघता टाइप करणारी आणि बघून टाइप करणारी, हे माझं मत तेव्हापासूनचं आहे.

आमची हेमा दुसऱ्या प्रकारातली. ती गणिताची शिक्षिका होती. लॅपटॉप खरं तर तिचाच, तिच्या निवृत्तीच्या वेळी घेतलेला. मी तो फक्त वापरून वापरून झिजवला. रोज सकाळी ती त्याच्यासमोर पांढरा फळा लावून उभी राहते आणि लोणी काळभोरच्या एका शाळेतल्या मुलांना पाढे शिकवते. साधेसुधे नव्हेत, अपूर्णांकांचे. पावकी, निमकी, दिडकी, अगदी साडेतीनची औटकीसुद्धा! तिथले कोंडीरामसर एकेकाळी तिच्या हाताखाली होते, ते मुलांना पडद्यापुढे बसवतात आणि इकडून हेमा म्हणते तसं तिकडून सगळी शाळा म्हणते. या सगळ्यासाठी हेमाला टाइप करावा लागतो तो एकच शब्द, लॅपटॉपचा पासवर्ड. पुढचं सगळं माऊसवर.

पासवर्ड तिनेच ठेवलेला. इंग्रजी अक्षरांत ‘मैना’ आणि पुढे जन्मसाल. मैना म्हणजे माझ्या सासूबाई, सालही त्यांचंच. शेवटच्या काही वर्षांत त्यांची स्मृती गेली. ती आधी हातांतून गेली. मीठ घ्यायला जायच्या आणि हात साखरेच्या डब्यावर पडायचा, मग त्या आपल्याच हाताकडे परक्यासारख्या बघत बसायच्या. शेवटी स्वतःचं नावही आठवेनासं झालं. ते नाव घरात रोज कोणीतरी आठवायला हवं म्हणून पासवर्ड ठेवला, असं हेमा एकदाच म्हणाली होती. पुन्हा तिने तो विषय काढला नाही.

तर एके दिवशी हेमाने जाहीर केलं, की आता तिला लॅपटॉप उघडणं जमणार नाही. इतके दिवस ‘एम’चा एक पाय तरी शिल्लक होता, त्या खुणेवर ती चालवून घेत होती. परवा तो पायही गेला. नवा कीबोर्ड बसवून घ्या, असा तिचा आग्रह. मी म्हटलं, धडधाकट कीबोर्ड बदलायचा? नुसती अक्षरं तर गेली आहेत!

अप्पा बळवंत चौकातून मी चिकटवायच्या अक्षरांचा कागद आणला, स्पिरिटने बटणं पुसली, चिमटा घेतला आणि बसलो. लॅपटॉपवर कुठलं अक्षर कुठं असतं, हे कशात तरी बघून घ्या, असं हेमा स्वयंपाकघरातून म्हणाली. मला हसू आलं. सबंध आयुष्य ज्याने टायपिंगवर काढलं त्याने बघून घ्यायचं? उरल्यासुरल्या खुणांवरून वरची ओळ झाली, मधली झाली. शेवटी खाली दोन बटणं उरली आणि हातात दोन अक्षरं उरली. लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉप हेमाला उघडेना.

तिने एका बोटाने, एकेक बटण शोधून पासवर्ड टाइप केला. पासवर्ड टाइप करताना अक्षरं दिसत नाहीत, नुसते काळे ठिपके दिसतात. लॅपटॉप म्हणाला, चूक. तिने पुन्हा केला, पुन्हा चूक. मी आलो, छताकडे बघत बोटं चालवली आणि लॅपटॉप उघडला. तिला म्हटलं, तू घाईत काहीतरी दाबलं असशील. तिसऱ्या दिवशीही तेच झालं, चौथ्या दिवशीही तेच. पासवर्ड काय आहे विचारलं तर ती बरोबर सांगायची. मी टाइप केला की उघडायचा, तिने टाइप केला की नाही.

आता सांगा, यातून कोणीही शहाणा माणूस काय निष्कर्ष काढेल? कीबोर्ड चांगला, पासवर्ड बरोबर, अक्षरं मी स्वतः लावलेली. मी तिला समजावून सांगितलं, की लॅपटॉपमध्ये काही बिघाड नाही, तुला आठवतंय सगळं, फक्त हात दुसरीकडे जातोय.

हे वाक्य मी सहज बोलून गेलो. हेमाने स्वतःच्या हाताकडे बघितलं आणि तो पदराखाली घेतला. तेव्हाच मला कळायला हवं होतं, पण मी तेव्हा तिला दुसऱ्या दिवसापासून पाच बदाम भिजत घालायचं सुचवण्यात गुंतलो होतो.

मग मी मदतीला लागलो. मी मदतीला लागलो की घरातलं वातावरण जरा गंभीरच होतं. शेजारच्या श्यामसुंदररावांना विश्वासात घेऊन सांगितलं, कोणाला बोलू नका म्हणून. संध्याकाळपर्यंत सोसायटी हेमाशी मोठ्या आवाजात आणि सावकाश बोलू लागली. लिफ्टमध्ये एकीने तिला विचारलं, ओळखलंत का मला? हेमा म्हणाली, ओळखलं, गच्चीत पापड वाळत घालून सगळ्यांची वाट अडवता त्याच तुम्ही. तरी त्या बाईंनी घरी येऊन ब्राह्मीचं तेल दिलंच.

अक्षरांचा कागद उरला होताच. मी स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांवर नावं चिकटवली. इंग्रजीत, कारण कागद इंग्रजीचा होता. हेमा दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, “आईच्या डब्यांवर मीच चिठ्ठ्या लावल्या होत्या.” आणि बाहेर निघून गेली.

त्या दिवशी वरण शिजलंच नाही. कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या तरी डाळ कचकचीत. झाकण काढून बघितलं तर तुरीच्या जागी हरभऱ्याची डाळ. मी विचारलं, अगं, तुला डाळ ओळखू आली नाही? ती म्हणाली, मला वाटलं होतं हरभऱ्याचीच आहे म्हणून, पण डब्यावर तूर लिहिलं होतं. मनात म्हटलं, माझंच चुकत असेल.

ज्या बाईने वर्षानुवर्षं वर्गाला पुस्तकातली छापील उत्तरं खोटी पाडून दाखवली, ती बाई डब्यावरच्या चिकटपट्टीवर विश्वास ठेवून स्वतःच्या डोळ्यांना खोटं म्हणत होती. पण डब्यावर ते नाव कोणी लावलं, हा प्रश्न मला तेव्हाही पडला नाही.

आणि मग ती सकाळ आली. मी नेहमीप्रमाणे लॅपटॉप उघडून दिला आणि कांदे-बटाटे आणायला मार्केट यार्डात गेलो. इकडे हेमा फळ्यावर औटकी लिहीत असताना लॅपटॉप झोपला. पासवर्ड मागू लागला. तिने टाइप केला, चूक. पुन्हा केला, चूक. पलीकडे मुलं वाट बघतायत, मी फोन उचलत नाहीये, आणि ही आपल्या आईचं नाव टाइप करतेय नि लॅपटॉप म्हणतोय, हे नाव नाही. मी पिशव्या घेऊन घरी आलो तेव्हा फळा अर्धा लिहिलेला होता आणि ती खुर्चीत बसलेली होती.

कोंडीरामसरांचा फोन आला, मी तो स्पीकरवर टाकला. “बाई, पोरं बसून हायत. आज पुढचं घेताय नव्हं?”

“नाही,” हेमा म्हणाली. “आजपासून दुसरं कोणी बघा. माझ्या डोक्याचा आता भरवसा नाही. मुलांना चुकीचं शिकवलं तर ते जन्मभर चुकीचं म्हणतील.”

मी आजवर तिला रडताना फारसं पाहिलेलं नाही. त्या दिवशीही ती रडली नाही, नुसती फळा पुसत राहिली, पुसून स्वच्छ झाल्यावरही. मला खूप भीती वाटली.

डॉक्टर सुरुची एरंडवण्यात बसतात. स्मृतीच्या आजारांच्या तज्ज्ञ, आणि हेमाच्याच शाळेतल्या विद्यार्थिनी. त्यांनी हेमाला शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितलं. हेमा एवढ्या भरभर खाली उतरली, की डॉक्टरच मध्ये अडखळल्या आणि हेमाने त्यांची चूक दुरुस्त केली. घड्याळ काढायला सांगितलं, तिने काट्यांमधला कोन अंशांत सांगितला. पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले, तिने सरळ सांगितले नि उलटेही सांगितले. डॉक्टर म्हणाल्या, बाई, तुम्ही माझ्याहून बऱ्या आहात.

पण मी काही एवढ्यावर समाधान मानणारा नाही. मी म्हटलं, तोंडी तिला सगळं येतंच हो, खरा घोटाळा हातात आहे, तुम्ही तिला टाइप करायला लावा.

डॉक्टरांनी त्यांच्या कॉम्प्युटरचा कीबोर्ड पुढे सरकवला. हेमाचा चेहरा उतरला. कशाला, असं ती हळूच म्हणाली. मग तिने एक बोट पुढे केलं. एकेक बटण शोधून तिने दाबलं, आणि इथे ठिपके नव्हते, पडद्यावर सरळ अक्षरं उमटली. मैना. पहिल्याच झटक्यात.

ती किती तरी वेळ त्या नावाकडे बघत राहिली. डोळे भरून आले होते, ते तिने पुसलेही नाहीत. मग मान खाली घालून कीबोर्ड बघितला. बराच वेळ बघितला.

“अहो,” ती म्हणाली, “इथे ‘एन’ आधी आहे आणि ‘एम’ नंतर.”

मी म्हटलं, असेल, प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. डॉक्टर म्हणाल्या, नसतं.

डॉक्टरांनी कीबोर्डवर फाईल झाकली आणि मला अगदी सौम्यपणे विचारलं, “काका, ‘एम’ कुठं असतो?”

मी डोळे मिटले. समोर काळा रंग फासलेला टाइपरायटर आला आणि पट्टी घेऊन उभे असलेले वैजनाथसर आले, अक्षर एकही आलं नाही. गुडघ्यावर बोटं चालवून बघितली. एक अख्खा शब्द टाइप केला, तर बोटं झरझर गेली, पण कुठं जाऊन आली ते मला सांगेनात. मी म्हटलं, “बोटांना माहीत आहे.”

डॉक्टरांनी हेमाची फाईल मिटली, नवा कोरा कागद घेतला आणि माझं वय विचारलं.

घरी आल्यावर हेमाने चष्मा लावला, नखाने ती दोन अक्षरं काढली आणि जागेवर बसवली. मग स्वयंपाकघरात जाऊन सगळ्या डब्यांवरची सगळी नावं खरवडून काढली. मी मागे उभा राहून म्हणालो, “चुकलं माझं. फार चुकलं.” ती हं म्हणाली. आमच्याकडे ‘हं’ म्हणजे ऐकलं. माफ केलं असा त्याचा अर्थ नसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने स्वतः लॅपटॉप उघडला. पलीकडून मुलांनी एकच गलका केला. औटकी सुरू झाली, हेमाचा आवाज पहिल्यासारखा खणखणीत लागला, आणि मी आतल्या खोलीत पलंगावर बसून, खोटं कशाला बोलू, डोळे पुसले.

दुपारी श्यामसुंदरराव आले. आता मोठ्या आवाजात आणि सावकाश बोलण्याची पाळी माझी आहे, असं सोसायटीत ठरलेलं दिसलं. त्यांना कटवून मी सोसायटीची नोटीस टाइप करायला बसलो. विषय असा, की रहिवाशांनी एकमेकांच्या प्रकृतीविषयी अफवा पसरवू नयेत. छताकडे बघत बोटं चालवली. लॅपटॉप म्हणाला, चूक. पुन्हा चालवली, पुन्हा चूक. हेमाला हाक मारली.

“पासवर्ड बदललाय,” ती आतूनच म्हणाली. “आईचं नाव लॅपटॉपकडे ठेवायची आता गरज नाही. ते माझ्या लक्षात आहे.”

मी म्हटलं, चांगलं केलंस. मग नवा काय आहे?

“मला कशाला विचारता?” ती म्हणाली. “बोटांना विचारा.”

बोटांना अजून सांगता आलेलं नाही. म्हणून हे सगळं हाताने लिहिलंय. अक्षर जरा वाईट आहे, सांभाळून घ्या.