गुंजवण्याच्या रेंजचा लिलाव

दिल्लीच्या सरकारला लिलाव करता येत नाही, असं उपेंद्ररावांचं ठाम मत होतं. "हवेतल्या लहरी विकल्या, कंपन्यांना परवाने दिले, ठीक आहे! पण राखण कुणी करायची, ठेका कुठून कुठपर्यंत, काही ठरवलं का? मला बोलावलं असतं तर!" असं म्हणून ते वर्तमानपत्र मांडीवर आपटत. उपेंद्रराव गुंजवण्याचे ग्रामसेवक. पंचायतीच्या आंब्यांचा, चिंचांचा आणि गायरानातल्या गवताचा लिलाव दरसाल त्यांच्याच हातून व्हायचा, आणि त्यात आजवर एकदाही डोकं फुटलं नव्हतं. ही काही लहान गोष्ट नव्हे!

खरं सांगायचं तर गुंजवण्यात त्यांचा जीव मुळीच रमत नव्हता. घर भोरला, बायको सौदामिनी भोरला, लेक श्रावणी भोरला, आणि हे राजगडाच्या पायथ्याशी एका खोलीत स्टोव्हवर पिठलं ढवळत बसलेले. शनिवारी घरी गेले की श्रावणी दारातूनच ओरडायची, "आई, पाहुणे आले!" दुर्गम गावात पाच वर्षं काढली की घराजवळ बदली, असा नियम होता. पाच वर्षं सरत आली होती आणि बदलीचा कागद पुण्यात मोठ्या साहेबांच्या टेबलापर्यंत पोचलाही होता.

"आता काही करू नका," सौदामिनीनं हात जोडून सांगितलं. "नुसते गप्प बसा."

"गप्प बसून कुणाची बदली झालीये? साहेबांच्या नजरेत भरावं लागतं!"

नजरेत भरायला काय करावं याचा विचार करत ते सोमवारी गावात शिरले, तर धरणाच्या वाटेवरच्या चपट्या धोंड्याभोवती ही गर्दी! दोन हजार चार साल होतं. गावात मोबाईल आले होते, रेंज मात्र आली नव्हती. ती नसरापूरच्या टॉवरवरून डोंगराच्या खिंडीतून कशीबशी यायची आणि नेमकी त्या एका धोंड्यावर उतरायची. पंचायतीचा फोन तर धरणाच्या खोदाईत तार तुटल्यापासून मुका होता. म्हणून सगळं गाव त्या धोंड्यावर चढायचं. बनाबाई भोसरीच्या लेकाशी बोलायला रोज पहाटेच नंबर लावायची.

उपेंद्रराव जागच्या जागी थबकले. रेंज गावाच्या हद्दीत पडतेय. म्हणजे ती पंचायतीची! जसे आंबे, तशी रेंज!

सरपंच रखमाजींना हे पटवायला फार वेळ लागला.

"हवा इकायची म्हनता?"

"हवा नाही हो, हवेतल्या लहरी. दिल्लीत कोटींनी गेल्या!"

"दिसत्यात का त्या?"

"नाही."

"मंग मोजून कशा द्यायच्या?"

"मोजायच्या कशाला? धोंडा द्यायचा! वर्षभर जो ठेका घेईल त्याचा धोंडा. बोलायला येईल त्यानं ठेकेदाराला पैसे द्यायचे. पंचायतीचं उत्पन्न वाढेल, साहेब खूश होतील!"

"आन् तुमची बदली व्हईल," रखमाजी म्हणाले. माणूस अडाणी नव्हता.

लिलाव रीतसर झाला. दवंडी पिटली, नारळ फोडला. टेम्पोवाल्या मानसिंगनं पहिली बोली लावली आणि नसरापूरचे लतीफ बागवान पुढं सरसावले. पंचायतीचे आंबे वर्षानुवर्षं तेच घ्यायचे. बोली लावण्याआधी त्यांनी धोंड्याभोवती एक फेरी मारली, वर बघितलं, खाली बघितलं.

"भाऊसाहेब, ह्यो बारमाही हाय का?"

"बारमाही!"

"पावसात गळती?"

"थोडीफार."

"थोडी तर आंब्यालाबी असती," लतीफभाई म्हणाले आणि त्यांनी बोली अशी चढवली की मानसिंग टेम्पोत जाऊन बसला. एक वार, दोन वार, तीन वार! उपेंद्ररावांना भोरचा एसटी स्टँड डोळ्यांपुढं दिसायला लागला.

पण माल घेतला की आधी तो राखायचा, ही लतीफभाईंची वहिवाट. आंबे घेतले की त्याच दिवशी कुंपण पडायचं. इथंही त्यांनी तेच केलं. उपेंद्रराव शनिवारी भोरला गेले आणि सोमवारी परत येऊन बघतात तो काय! धोंड्यावर चारी बाजूंनी आणि वरून पत्रे ठोकलेली टुमदार खोली उभी होती. दाराला कुलूप. शेजारी खाट टाकून लतीफभाई.

"आता फुकट कोन तोडतंय बघू!"

पहिलं गिऱ्हाईक बनाबाई. तिनं कनवटीचे पैसे सोडले, आत गेली आणि लगेच बाहेर आली.

"यात तर काईच न्हाई!"

लतीफभाई आत गेले. उपेंद्रराव आत गेले. मोबाईल उंच धरला, खाली धरला, कोपऱ्यात धरला. रेंजची एक कांडी उमटेल तर शपथ!

उपेंद्ररावांनी छताकडं बारकाईनं पाहिलं आणि त्यांना उलगडा झाला. "लतीफभाई, जोडकामात फटी राहिल्यात. आत आलेली रेंज बाहेर गळतेय!"

"आत्ता गं बया!" म्हणत बनाबाई गोणपाट घेऊन आली. निम्मं गाव फटी बुजवायला लागलं. कुणी चिखल थापला, कुणी चिंध्या कोंबल्या. उपेंद्रराव आत उभं राहून "डावीकडं उजेड दिसतोय, तिथं मारा!" असे हुकूम सोडत होते. शेवटी आत असा अंधार झाला की मोबाईलच सापडेना, आणि रेंज होती नव्हती ती साफ मेली.

लतीफभाईंचा आवाज चढला. "भाऊसाहेब, माल किडका निगाला. पैसं परत!"

"एकदा घेतलेला लिलाव परत होत नसतो!"

"बगू की. उद्या पुण्याला जाऊन सायबालाच इचारतो!"

तेवढ्यात एसटी येऊन थांबली आणि कंडक्टरनं खिडकीतून हाक मारली, "भाऊसाहेब! वहिनींचा निरोप हाय! साहेब आज बदल्यांवर सही करनार हायेत. तुमी कायबी करू नका, नुसतं गप ऱ्हावा म्हनल्या!"

आज सही! आणि उद्या लतीफभाई साहेबांच्या पुढ्यात! त्याआधी लिलावाची बातमी आपल्याच तोंडून साहेबांच्या कानावर गेली पाहिजे. पण फोन लावायचा कुठून? धोंडा तर पत्र्याच्या पोटात गेलेला!

ग्रामसेवक खाटेवर चढला. खाटेवरून लतीफभाईंच्या खांद्यावर, खांद्यावरून पत्र्यावर. ऊन असं होतं की पत्र्यावर भाकरी भाजावी. तळपाय आलटून पालटून उचलत त्यांनी मोबाईल काढला आणि ते किंचाळलेच, "आली! भरून आली!"

साहेबांचा फोन पहिल्या फटक्यात लागला.

"साहेब, मी उपेंद्र बोलतोय, गुंजवण्याहून!"

"कुठून?"

"गुंजवण्याहून साहेब, गावातूनच!"

"अरे वा! फोन दुरुस्त झाला वाटतं?"

"छे छे, मोबाईल! आवाज स्वच्छ येतोय ना?"

"अगदी शेजारी बसल्यासारखा."

उपेंद्ररावांची छाती फुगली. एका दमात त्यांनी सगळं सांगितलं. रेंज कशी शोधली, लिलाव कसा केला, उत्पन्न किती वाढलं, जिल्ह्यात अशी पहिलीच पंचायत! पलीकडून कागद उलटल्याचा आवाज आला.

"उपेंद्रराव," साहेब सावकाश म्हणाले, "माझ्यासमोर तुमचाच कागद आहे. गावात फोन नाही, रेंज नाही, बाहेरच्या जगाशी संपर्क नाही, म्हणून गाव दुर्गम. हे तुम्हीच लिहिलंय ना?"

पायाचे चटके एकाएकी थांबले.

"हो, पण साहेब, रेंज आपली उगीच, एका धोंड्यापुरती..."

"लिलावात जाण्याइतकी आहे! गावात संपर्क विकला जातोय आणि मी त्याला दुर्गम कसं म्हणू? उद्या मलाच जाब विचारतील. गाव दुर्गम गावांच्या यादीतून काढतो. बाकी कल्पना छान आहे हं!"

"साहेब, रेंज सारखी जाते हो! आत्ताच गेली बघा! हॅलो! हॅलो! काही ऐकू येत नाही!"

"मला येतंय," साहेब म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

खाली सगळं गाव माना वर करून उभं होतं. "काय झालं?" रखमाजींनी विचारलं.

"बदली रद्द," उपेंद्रराव कसंबसं म्हणाले. त्यांना रडू येत होतं.

"आरं वा रं वा!" गावानं टाळ्या पिटल्या. बनाबाईनं तर तिथूनच कानशिलावर बोटं मोडली. "लई बरं झालं! तुमच्याबिगर आमाला कोन हाय!"

लतीफभाईंचा रागही पार निवळला होता. "भाऊसाहेब, वर झ्याक लागतोय म्हना की! पैसं ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच. म्या शिडी आनतो, ठेका वरनंच चालवू!" आणि बनाबाई खाटेवर चढून ओरडायला लागली, "तुमचं झालं आसंल तर सरका, माजा लेक वाट बगतोय!"

उपेंद्रराव सरकले नाहीत. ते हातातल्या मोबाईलकडं बघत राहिले. चारच्या चारही कांड्या ठळक उमटल्या होत्या. इतकी स्वच्छ रेंज नसरापुरात टॉवरखालीसुद्धा मिळाली नसती, आणि सौदामिनीला फोन न लावायला आता एकही सबब उरली नव्हती.